नंदादीपाचे तेल

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण लेखकांची नोंद घेतो, नियतकालिकांच्या संपादकांची घेतो आणि फार तर एखाद्या धाडसी प्रकाशकाची. मजकुराचे खिळे जुळवणारा जुळारी, कसर लागू नये म्हणून पोथ्यांना ऊन दाखवणारा मठातला सेवेकरी, गावच्या वाचनालयात फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसलेला ग्रंथपाल ही माणसे त्या इतिहासात येत नाहीत. त्यांच्यावाचून वाङ्मय आपल्यापर्यंत पोचले नसते हे आपण जाणतो. परंतु जाणणे वेगळे आणि नोंदणे वेगळे. आंतरजालावरील लेखनाला आता तीन दशके उलटून गेली आहेत आणि त्याच्याही बाबतीत हीच चूक होऊ घातली आहे, असे आम्हांस वाटते. कोणत्या संकेतस्थळावर कोण चांगले लिहीत असे, कोणता वाद कसा रंगला, याच्या आठवणी हौसेने निघतात. ते संकेतस्थळ उभे कोणी केले आणि रात्री दोन वाजता बंद पडल्यावर पुन्हा चालू कोणी केले, हे सहसा कोणी विचारत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. विचारण्याचे कारण घडले ते असे. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या मराठी विभागाची कपाटे आवरताना एक तबकडी सापडली. तिच्यावर 'वार्षिकांक २००१, संपूर्ण मजकूर' असे एका निवृत्त सहकाऱ्याच्या हस्ताक्षरात लिहिलेले होते. त्या वर्षीच्या अंकासाठी विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करून आणल्या होत्या. ज्या आजीबाईंकडून त्या मिळाल्या, त्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. आम्ही उत्साहाने तबकडी संगणकात घातली. पडद्यावर जे उमटले त्यात एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, त्यांच्या डोक्यांवर परकी स्वरचिन्हे, मध्येच पौंडाची खूण, मध्येच अपूर्णांक, असा तो सारा प्रकार होता.

अखेर आमच्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावले. बी. ए. ला मराठी घेऊन पुढे संगणकाच्या वाटेला लागलेला हा मुलगा (मुलगा म्हणायचे ते आमच्या सवयीने, आता त्याचेही केस पिकू लागले आहेत) पंधरासोळा वर्षे संकेतस्थळे बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम करीत होता. दिवसा पोटासाठी, रात्री हौसेसाठी. त्याने पाहताक्षणी सांगितले, "सर, मजकूर शाबूत आहे. किल्ली हरवली आहे." छापील अंकाची प्रत शेजारी ठेवून, अक्षराशी अक्षर ताडून, त्याने दोन संध्याकाळींत ती किल्ली पुन्हा घडवली. त्या दोन संध्याकाळी चहाबरोबर जे बोलणे झाले, आणि त्यानंतर आम्ही जे वाचत गेलो, त्यातून हा लेख झाला.

०

या राखणदारांच्या इतिहासाचा आरंभ आम्ही १९७३ पासून धरतो. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली येथे 'लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स' या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानापाशी एक टेलिटाइप यंत्र मांडण्यात आले. दूरध्वनीच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतील एका मोठ्या संगणकाला जोडलेले होते. कोणीही यावे, आपली नोंद टंकावी, तिला दोनचार शोधशब्द द्यावेत आणि दुसऱ्या कोणी ते शब्द विचारले की ती नोंद त्याच्यासमोर यावी, अशी ही योजना होती. तिचे नाव 'कम्युनिटी मेमरी', म्हणजे समाजाची स्मृती. एफ्रेम लिप्किन, ली फेल्सेन्स्टाइन आणि मार्क श्पाकोव्स्की हे तिचे प्रमुख कर्ते. वादकांना जोडीदार हवा आहे, अमुक वाद्य विकणे आहे, अशा कामापुरत्या नोंदी अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात लोक कविता लिहू लागले, टोपण नावाने विक्षिप्त मजकूर टंकू लागले. या भागात चांगले बेगल पाव कोठे मिळतात, असे एकाने विचारले, तर आलेल्या उत्तरांत एका जुन्या भटारखानेवाल्याचे ते करायला शिकवण्याचे आमंत्रण होते. पुढे जगभर जे जे चालले त्याचे बीज या एका प्रश्नोत्तरात दिसते.

आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीने वेधून घेतले. यंत्राचा खडखडाट दुकानात असह्य होऊ नये म्हणून त्यावर खोके बसवलेले होते, आणि त्या खोक्याशेजारी एक माणूस बसत असे. येणाऱ्याला बोलावून घेणे, भिडस्ताला धीर देणे, कळ कोणती दाबायची ते दाखवणे आणि कागद अडकला तर सोडवणे, हे त्याचे काम. योजनेचा पहिला अवतार १९७५ च्या आरंभी आटोपला. संगणकाच्या इतिहासात कर्त्यांची नावे राहिली. शेजारी आळीपाळीने बसणाऱ्यांची कोणी मुद्दाम सांगत नाही. तरीही 'सामूहिक संकेतस्थळ' नावाचा जो काही प्रकार आहे, त्यात यंत्राइतकाच शेजारी बसलेला माणूस पहिल्या दिवसापासून होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

०

विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लॉग अवतरले. मराठीत त्यांना अनुदिनी म्हणावे की जालनिशी, याची चर्चा पुष्कळ झाली. नाव मात्र मूळचेच टिकले. 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्जर याने १९९७ च्या डिसेंबरात वापरला आणि १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ याने त्याची गमतीने फोड करून 'ब्लॉग' एवढेच रूप उरवले. याच १९९९ मध्ये दोन महत्त्वाची स्थळे उभी राहिली. दोन्हींचा पुढला प्रवास म्हणजे राखणदारीच्या कष्टांची कथा आहे.

पहिले 'लाइव्हजर्नल'. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या विद्यार्थ्याने शाळेतल्या मित्रांना एकमेकांची खबरबात कळावी म्हणून ते सुरू केले. मित्रांचे मित्र आले, त्यांचेही मित्र आले आणि घरगुती ओटीवर जत्रा भरावी तशी अवस्था झाली. प्रत्येक वाचक पान उघडतो तेव्हा संगणकाला विदागारात जाऊन शेकडो नोंदी धुंडाळाव्या लागतात. आणि हजारो वाचक एकच पान मागत असले तरी दर खेपेस तो तितक्याच निष्ठेने तळघरात उतरतो. गर्दी वाढली की जिन्यावरच चेंगराचेंगरी होते. या अडचणीतून २००३ मध्ये फिट्झपॅट्रिकने 'मेमकॅश्ड' नावाची आज्ञावली रचली. तिचे तत्त्व कोणत्याही अनुभवी ग्रंथपालाला ठाऊक आहे. परीक्षेच्या दिवसांत जी पुस्तके रोज मागितली जातात ती तो कपाटात परत ठेवीत नाही, टेबलावरच ठेवतो. ही आज्ञावली त्याने सर्वांसाठी खुली केली आणि पुढे फेसबुक, विकिपीडिया यांसारख्या महाप्रचंड स्थळांचा भार तिने उचलला. एका मुलाने मित्रांच्या सोयीसाठी काढलेली युक्ती अशी जगाच्या उपयोगी पडली. खुद्द लाइव्हजर्नल मात्र २००५ मध्ये एका अमेरिकी कंपनीकडे आणि २००७ च्या अखेरीस एका रशियन कंपनीकडे गेले.

दुसरे 'ब्लॉगर'. सॅन फ्रान्सिस्कोतील पायरा लॅब्ज या चिमुकल्या कंपनीने ऑगस्ट १९९९ मध्ये ते आणले. ज्याला संकेतभाषेचे एक अक्षर येत नाही त्यालाही स्वतःचे पान चालवता येऊ लागले. लिहिणारे वाढले, पैसा मात्र येईना. अधिक सर्व्हर घेण्यासाठी कंपनीने चक्क लिहिणाऱ्यांकडे वर्गणी मागितली, आणि ती जमलीही. तरीही २००१ च्या जानेवारीत सहकारी पांगले आणि संस्थापकांपैकी इव्हान विल्यम्स काही काळ एकट्यानेच गाडा ओढत राहिला. २००३ च्या फेब्रुवारीत गूगलने कंपनी विकत घेतली. या दोन तारखांमधल्या दोन वर्षांत लाखो लोकांचे लेखन किती थोड्या माणसांच्या चिकाटीवर तगून होते, याची त्या लाखोंपैकी किती जणांना कल्पना असेल?

तिसरी हकिकत आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटते. मिशेल वाल्द्रीगी नावाच्या फ्रेंच तरुणाने २००१ मध्ये 'बी-टू' ही ब्लॉग चालवण्याची आज्ञावली लिहिली. २००२ च्या अखेरीस त्याचे नाव दिसेनासे झाले. कित्येक महिने ना सुधारणा, ना खबर. ती वापरणारे लोक मालक गावाला गेलेल्या घरातल्या बिऱ्हाडकरूंसारखे झाले. छप्पर गळू लागले तर सांगायचे कोणाला? २४ जानेवारी २००३ रोजी ह्यूस्टन येथे शिकत असलेल्या एकोणीस वर्षांच्या मॅट मुलेनवेगने आपली ही अडचण जाहीरपणे लिहिली. आज्ञावलीचा परवाना मुक्त असल्याने ती उचलून पुढे नेता येईल, असा विचारही त्याने मांडला. त्याखाली इंग्लंडातील माइक लिटल याने आपण हातभार लावायला तयार असल्याचे कळवले. २७ मे २००३ रोजी 'वर्डप्रेस' प्रसिद्ध झाले. आज जगातील संकेतस्थळांपैकी सुमारे दोन पंचमांश त्यावर चालतात. हे यश कोणा एकाच्या बुद्धिमत्तेचे आहेच. परंतु त्याच्या मुळाशी त्या परवान्यातले एक साधे कलम आहे. कर्ता उठून गेला तरी दुसऱ्याने काम पुढे चालवावे, त्याला परवानगी मागावी लागू नये, एवढेच ते कलम म्हणते. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव घालतो आणि पुढचा लेखनिक तीच पोथी पुन्हा उतरवतो. आपल्याकडची ही परंपरा अशाच अलिखित परवान्यावर चालत आली.

०

बांधण्याच्या कथा ऐकायला चांगल्या वाटतात. सांभाळण्याच्या कथा कंटाळवाण्या असतात. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही विचारले, "रोज नेमके काय करतोस?" तो म्हणाला, "झाडतो."

हे झाडणे काय असते? २००३ च्या आसपास गूगलच्या क्रमवारीत वर येण्यासाठी दुसऱ्यांच्या स्थळांवर दुवे पेरण्याचा धंदा बोकाळला. ज्या पानाकडे अधिक दुवे ते पान मोलाचे, हे शोधयंत्राचे गणित. म्हणून स्वयंचलित आज्ञावल्या रात्रंदिवस जगभरच्या जालनिश्यांवर औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती प्रतिसाद म्हणून डकवू लागल्या. कोणी एखादी कविता लिहावी आणि सकाळी तिच्याखाली असे दोनशे प्रतिसाद पडलेले दिसावेत! जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून अशा दुव्यांचे मोल शून्य धरण्याची एक खूण ठरवली. त्याच वर्षी 'अकिस्मेट' ही गाळणी आली. त्रास कमी झाला, संपला नाही. सदस्य होऊ पाहणाऱ्याला वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणे, साधे गणित घालणे, पहिला प्रतिसाद तपासूनच प्रसिद्ध करणे, असे उपाय करीत राखणदार बसतो. त्याने शंभर जाहिराती अडवल्या तर कोणाला कळत नाही. चुकून एका खऱ्या माणसाचा प्रतिसाद अडवला तर 'मुस्कटदाबी' या शीर्षकाची चर्चा सुरू होते.

दुसरे काम कुलपे बदलण्याचे. येथे 'ड्रुपल'चा उल्लेख केला पाहिजे, कारण मराठीशी त्याचे नाते जवळचे आहे. बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठात शिकणाऱ्या ड्रीस बायटार्ट याने वसतिगृहातील मित्रांसाठी एक सूचनाफलक रचला. त्यासाठी डच भाषेतील 'डॉर्प', म्हणजे खेडे, या नावाचा पत्ता घ्यायचा होता. टंकताना चूक होऊन 'ड्रॉप' झाले. डच भाषेत थेंबाला 'ड्रुपेल' म्हणतात, त्यावरून जानेवारी २००१ मध्ये आज्ञावलीला ड्रुपल हे नाव पडले. खेड्याच्या नावाने निघालेली ही वस्तू पुढे मायबोली, मनोगत, उपक्रम, मिसळपाव, ऐसी अक्षरे अशा मराठी वस्त्यांचा पाया झाली, हा योगायोग आम्हांला सुखद वाटतो.

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीत एक मोठे भगदाड असल्याचे जाहीर झाले. कोणीही परका इसम विदागाराला हवी ती आज्ञा देऊ शकेल, असा तो दोष होता. दुरुस्ती त्याच क्षणी उपलब्ध करून देण्यात आली. मात्र काही दिवसांनी पुढचा इशारा आला. घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नसेल, त्यांनी आपले स्थळ काबीज झाले आहे असेच समजून चालावे! घोषणा झाली तेव्हा भारतात रात्र होती. आमचा विद्यार्थी त्या रात्री एका लग्नघरी होता. यजमानांच्या आतल्या खोलीत, मेंदीच्या पाटाशेजारी बसून त्याने भ्रमणध्वनीच्या जोडणीवर पाच स्थळांची कुलपे बदलली. दुसऱ्या दिवशी त्या पाचांपैकी एकावर व्यवस्थापनाच्या ढिलाईबद्दल चर्चा चालू होती. कोणाच्या तरी सहीतले चित्र दिसेनासे झाले होते.

०

मराठीच्या राखणदारांना या सर्वांखेरीज एक जास्तीचे ओझे होते. ते म्हणजे अक्षर.

मायबोली १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली. त्या काळी देवनागरीला संगणकात सर्वमान्य जागा नव्हती. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती खरी. परंतु घराघरांतल्या संगणकांवर ती उमटायला विंडोज २००० यावे लागले, आणि त्यानंतरच्या एक्सपीतही ती मुळची तबकडी घालून मुद्दाम चालू करावी लागे. तोवर शिवाजी, किरण, सुरेख अशा फॉन्टांचा आधार होता. त्यांची युक्ती अशी की संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच राहते, फक्त त्याचे चित्र देवनागरीचे काढलेले असते. ज्याच्याकडे तो फॉन्ट आहे त्याला मराठी दिसते; नसलेल्याला आमच्या तबकडीसारखा चिवडा दिसतो. शिवाय दर फॉन्टाची वाटणी निराळी.

मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत त्यांनी आपले ग्रंथ बांधून ठेवले. ग्रंथ पंथात जपले गेले. पंथाबाहेरच्या मराठीला मात्र शतकानुशतके ते असून नसल्यासारखे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या खटपटीने किल्ली हाती आली, आणि मराठी गद्याचा आरंभ आपल्याला नव्याने लिहावा लागला. महानुभावांनी लिपी हेतुपूर्वक गुप्त केली होती. आपण १९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत कितीतरी मराठी मजकूर निव्वळ गाफीलपणे गुप्त करून ठेवला. छापखान्यांच्या, दिवाळी अंकांच्या आणि महाविद्यालयांच्या कपाटांत असे ग्रंथ अजून पडून आहेत. त्यांची किल्ली ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आज निवृत्तीला आली आहेत.

युनिकोड रुळल्यावर प्रश्न मिटले असे आम्हांस वाटत होते. विद्यार्थी हसला. युनिकोड साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला आणि प्रत्येक मात्रेला तीन. ज्या मायएसक्यूएल विदागारावर ही स्थळे उभी होती, त्याच्या जुन्या आवृत्त्यांत शीर्षकासाठी २५५ बाइट राखले तर मराठीची जेमतेम ८५ चिन्हे मावत, आणि लांब शीर्षक एखाद्या अक्षराच्या मध्यावरच चिरले जाई. स्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना लिपीची नोंद चुकली की सगळ्या लेखांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या राहत. पुढे भ्रमणध्वनीवरून हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे येऊ लागली. त्यांना चार बाइट लागतात आणि विदागार तिनाचीच तयारी ठेवून बसलेले! परिणामी दहा ओळींच्या प्रतिसादात दुसऱ्या ओळीत हसू आले की उरलेल्या आठ ओळी नाहीशा होत. चार बाइटांची सोय २०१० मध्ये झाली. ती प्रत्येक स्थळापर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षे गेली.

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या शब्दांतला भेद आम्ही वर्गात नेहमी शिकवतो. तो भेद संगणकाला शिकवण्यासाठी कोणाला किती झगडावे लागले, हे आम्हांला ठाऊक नव्हते. तो अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून एकाने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही, आणि शोधणाऱ्याला वाटते की त्या विषयावर मराठीत कोणी लिहिलेलेच नाही. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोवर अ वर चंद्र चढवून काम भागवले जात असे आणि पुष्कळ संगणकांवर तो चंद्र अ च्या शेजारी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळत राही. या साऱ्यांवर मराठी राखणदारांनी रात्री जागून उतारे शोधले. 'गमभन'सारखी टंकलेखनाची साधने घडवली, जुने लेख एकामागून एक नव्या लिपीत उतरवले. शुद्धलेखनावर सभा घेणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, ही गोष्ट येथे कबूल केली पाहिजे.

०

मोठ्या कंपनीच्या दारी लेखन ठेवले म्हणजे ते सुखरूप, अशी एक समजूत आहे. इतिहास तिला दुजोरा देत नाही. १९९४ मध्ये सुरू झालेले 'जिओसिटीज' हे जालावरील पहिल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक. तेथे गल्ल्या होत्या, आळ्या होत्या, घरांना क्रमांक होते. याहूने १९९९ मध्ये ते अब्जावधी डॉलर मोजून घेतले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले. 'आर्काइव्ह टीम' या हौशी मंडळींच्या गटाने आणि 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेने धावपळ करून जमेल तेवढे उतरवून घेतले, म्हणून त्यातले पुष्कळसे वाचले. भारतात एके काळी घरोघर वापरले जाणारे ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्यावरचे मराठी कवितांचे आणि गावोगावचे समूह त्याबरोबर गेले. याहू ग्रुप्सवरील साठवलेला मजकूर २०१९ च्या डिसेंबरपासून काढून टाकण्यात आला. परदेशस्थ मराठी माणसांनी एकमेकांना लिहिलेली किती पत्रे त्यात होती, याचा हिशेब आता कधीच लागणार नाही. तुलनेने पाहता वर्गणीवर आणि एकदोघांच्या जागरणावर चाललेली मराठी स्थळे अधिक टिकली. कंपनीला एक वस्ती ताळेबंदातली एक ओळ असते. राखणदाराला तेथली माणसे नावानिशी ठाऊक असतात.

परंतु एकदोघांच्या जागरणावर किती काळ विसंबावे? आमच्या विभागाचेही एक संकेतस्थळ होते. २००८ मध्ये मोठ्या थाटात त्याचे उद्घाटन झाले, प्राचार्यांचे भाषण झाले, फीत कापावी तशी कळ दाबली गेली. पाच वर्षे विद्यार्थ्यांनी त्यावर लिहिले: पुस्तकांची परीक्षणे, गावाकडच्या बोलींतले शब्द, एकमेकांच्या कथांवर कडाक्याचे वाद. २०१३ मध्ये एका सकाळी ते दिसेनासे झाले. सर्व्हरच्या भाड्याचे स्मरणपत्र ज्या सहकाऱ्याच्या विरोपाच्या पत्त्यावर जात होते, ते आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. तीन स्मरणपत्रे कोणी उघडली नाहीत. मुदत संपली, कंपनीने नियमाप्रमाणे जागा मोकळी केली. आमच्याकडे दुसरी प्रत नव्हती. इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या साठ्यात मुखपृष्ठ आणि आणखी थोडी पाने तेवढी मिळाली. मुखपृष्ठावर उद्घाटनाचे छायाचित्र आहे. आम्ही सर्व त्यात हसत उभे आहोत.

दोष कोणा कंपनीला देता येत नाही. दिवा लावायला आम्ही सारे होतो. तेल कोणी घालायचे हे ठरवले नव्हते. शंभर वर्षांची वाचनालये आपल्याकडे टिकली ती कार्यकारिणी, वार्षिक वर्गणी, दप्तर आणि किल्ल्यांचा जुडगा एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याच्या रिवाजामुळे. संकेतस्थळाला आपण यांपैकी काहीच दिले नाही. ते अधांतरी आहे, म्हणून त्याला भाडे नाही, गळती नाही, वारस नाही, अशी आपली कल्पना होती. वास्तविक छापील पुस्तक दुर्लक्षित राहूनही पन्नास वर्षे तग धरते. संकेतस्थळ एका वर्षाच्या दुर्लक्षानेही नाहीसे होते. ड्रुपलच्या त्याच सातव्या आवृत्तीची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी संपली. तिच्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक स्थळाला पुन्हा एकदा घर बदलणे भाग आले. जुन्या लेखनिकांनी दर पिढीत पोथी उतरवली, तसेच हे उतरवणे आहे. फक्त येथे पिढी दहाबारा वर्षांची असते.

तबकडीवरच्या ओव्या आता विभागाच्या नव्या संकेतस्थळावर आहेत. काम पुरे झाल्यावर विद्यार्थ्याने मानधन घेतले नाही, एक अट मात्र घातली. "मी नसेन असे धरून चला," तो म्हणाला. त्याच्या सांगण्यावरून आम्ही एक जाड पुठ्ठ्याची वही आणली. पत्त्याच्या नोंदणीची मुदत, सर्व्हरच्या भाड्याची तारीख, परवलीचे शब्द ठेवलेल्या बंद पाकिटाची जागा, आज्ञावलीची आवृत्ती आणि प्रती कोठे कोठे ठेवल्या आहेत, हे सारे त्यात शाईने लिहिले. जुन्या फॉन्टाची किल्लीही दोन पानांच्या तक्त्यात उतरवली. डावीकडे खूण, उजवीकडे अक्षर. वही विभागाच्या कपाटात, हजेरीपटांशेजारी असते. दर तीन महिन्यांनी कोणी तरी ती उघडून तारखा पाहायच्या आणि शेवटच्या रकान्यात सही करायची. आजवर एकही सही चुकलेली नाही. पुढल्या वर्षी आमच्यापैकी दोघे निवृत्त होत आहेत, आणि वही कोणाकडे द्यायची हे विभागाच्या गेल्या बैठकीत ठरले आहे.